बीपीचं मशीन बिघडलेलं नव्हतं: रक्तवाहिन्यांच्या दाहात या चुका टाळा

मे महिन्यात वहिनीला चक्कर आली म्हणून घरी बीपी बघायला घेतलं, तर डाव्या हाताला मशीन नुसतं ‘एरर’ दाखवत होतं. “सेल गेले असतीन,” म्हणून सेल बदलले. मग शेजारच्यांचं मशीन आणलं. तेही बिघडलेलंच, असं ठरवून आम्ही मोकळे. उजव्या हाताला लावून पाहायचं कोणालाच सुचलं नाही. वय 34, लकव्याचा विचार कोण करणार? तीन आठवड्यांनी बोलता बोलता तिची जीभ जड झाली, उजवा हात लुळा पडला. दवाखान्यात कळलं, मशीन दोन्ही ठीक होती. डाव्या मनगटाला नाडीच लागत नव्हती.

आजाराचं नाव टाकायासू आर्टेरायटिस. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासू यांनी 1908 मध्ये एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या विचित्र रक्तवाहिन्यांची नोंद केली, त्यावरून हे नाव पडलं. हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या फांद्या यांच्या भिंतींना सूज येते, भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. मानेतली धमनी अशी चिंचोळी झाली की मेंदूचं रक्त कमी पडतं किंवा तिथे गुठळी होते. जास्त करून चाळिशीच्या आतल्या बायकांना हा आजार होतो आणि आशियात तो अधिक दिसतो.

म्हणून पहिली चूक तीच, आमची: एकाच हाताचं बीपी. दोन्ही हातांच्या वरच्या आकड्यात 20 चा फरक असेल तर डॉक्टरांना सांगा. उलटी गंमत अशी की अरुंद बाजूला बीपी ‘नॉर्मल’ किंवा कमी दिसतं आणि खरं वाढलेलं बीपी लपून राहतं. मग गोळी सुरूच होत नाही.

दुसरी चूक खास आपल्या नागपूरची. पारा 45 वर गेला की चक्कर, थकवा, अंधारी, सगळं ‘ऊन लागलं’ या खात्यात जमा. पन्हं प्या, कांदा जवळ ठेवा. पण वहिनीचा डावा हात दोरीवर कपडे वाळत घालताना भरून यायचा, खाली घेतला की बरा व्हायचा. बारीक ताप होता, वजनही उतरलं होतं. उन्हाने एकच हात दुखत नाही.

पाच-दहा मिनिटं तोंड वाकडं झालं आणि आपोआप सरळ झालं, तर ‘गेलं बाप्पा’ म्हणून झोपू नका. तो लकव्याचा इशारा असतो. त्याच दिवशी दाखवा.

घरातल्या पन्नाशीपुढच्यांचं वेगळं. कानशिलाजवळ नवं डोकं दुखणं, कंगवा लागला तरी टाळू हुळहुळणं, पोळी चावताना जबडा दुखून थांबावं लागणं: हा जायंट सेल आर्टेरायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांचाच दुसरा दाह, असू शकतो. लोक आधी दात काढून येतात. यात अचानक दृष्टी जाऊ शकते, लकवाही होऊ शकतो. संशय पक्का असेल तर बायोप्सीच्या (रक्तवाहिनीचा तुकडा तपासण्याच्या) रिपोर्टसाठी स्टिरॉइड, म्हणजे दाह उतरवणारं औषध, अडवून ठेवत नाहीत.

लकवा आलाच, तर मालिश, झाडपाला यात वेळ घालवू नका. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. पाणी पाजू नका, ठसका लागतो. ॲस्पिरिनही स्वतःहून देऊ नका. मेंदूत रक्तस्राव असेल तर ते घात करेल, आणि ते सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. 108 ला फोन करा. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची रांग आहे खरी, पण हे इंजेक्शन रात्रीही कुठे मिळतं ते आजच विचारून ठेवा. आम्ही आधी गेलो तिथे स्कॅनच नव्हतं.

शेवटची चूक बरं वाटल्यावर होते. दाहावरच्या स्टिरॉइडने चेहरा सुजतो, साखर वाढते, म्हणून लोक ते एकदम सोडून देतात. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तोवर मंदावलेलं असतं. बीपी कोसळू शकतं, दाहही पुन्हा उसळतो. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात, जोडीला दुसरी औषधं देतात.

वहिनीच्या फाईलवर आता लाल पेनने लिहिलंय: बीपी उजव्या हाताला घ्यावे. तरी दर वेळी नवी सिस्टर डावाच हात पुढे करायला सांगते.