‘लघवी होतेय’ एवढ्यावर विसंबू नका

रेसिडेन्सीच्या (डॉक्टरकीच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या) पहिल्या वर्षातली ती नोंद माझ्याच अक्षरात आहे: ‘लघवी व्यवस्थित.’ वॉर्डातल्या एका आजोबांचं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) 6.2, चादर ओली, आणि त्यांचा मुलगा सांगतोय, “सारखे बाथरूमला जातात.” मी ते ऐकून लघवीच्या वाटेत अडथळा असेल हा विचारच सोडला आणि दोन दिवस सलाईन चालू ठेवलं.

तिसऱ्या दिवशी राउंडला मॅडमनी पांघरूण सारलं आणि बेंबीखाली बोटांनी ठोकून पाहिलं. बद्द आवाज. कॅथेटर (लघवीची नळी) घातला, तर पिशवीत 1,400 मिलि.

मूत्राशय तुडुंब भरलं की लघवी थोडी थोडी ओघळत राहते. त्याला मूत्राशय रिकामं होणं म्हणत नाहीत. अर्धवट अडथळ्यात तर लघवी उलट जास्तही होते, कारण ती दाट करण्याची किडनीची ताकद कमी झालेली असते. म्हणून ‘किती वेळा’ विचारून थांबू नका. एका वेळी किती होते, धार कशी आहे, नंतर मोकळं वाटतं का, हे विचारा. लघवी करून आल्यावर आत किती उरली ते मोजा. आधीच कॅथेटर असेल तर गुठळीने तुंबलाय का, तेही बघा.

पोटाला हात न लावता सोनोग्राफीचा फॉर्म भरणं मला अजिबात पटत नाही. ठोकून पाहायला अर्धं मिनिट लागतं. सोनोग्राफी हवीच, कारण दोन्ही युरेटर (किडनीतून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळ्या) तुंबले असतील किंवा एकाच किडनीवर भिस्त असून तिचाच युरेटर तुंबला असेल, तर कॅथेटरने काही सुटत नाही. पण पहिल्या एक-दोन दिवसांत, शरीरात पाणी कमी असताना किंवा युरेटरभोवती फायब्रोसिस (घट्ट, व्रणासारख्या ऊतीचा थर) असताना हायड्रोनेफ्रोसिस, म्हणजे लघवी तुंबून फुगलेली किडनी, दिसेलच असं नाही. संशय जात नसेल तर कॉन्ट्रास्टविना सीटी करा. पोटॅशियम आणि ईसीजी त्याआधीच.

घाबरू मात्र नका. अडथळा वेळेत सुटला तर किडनी बरीच सावरते. आजोबांचं क्रिएटिनिन आठवड्यात 1.6 वर आलं. कॅथेटर घातल्यावर सुटका झाली असं समजून झोपायला जाऊ नका, एवढंच. तासाला 200 मिलिपेक्षा जास्त लघवी सलग दोन तास झाली, तर पाणी आणि क्षार झपाट्याने जातात. त्या रात्री मी दर तासाला पिशवी मोजली आणि ‘व्यवस्थित’ न लिहिता आकडा लिहिला.