दिवाळीचा फराळ नेमका कसा खावा?

नाशिकमध्ये पहाटेची थंडी जाणवू लागते त्याच सुमारास घराघरांतले फराळाचे डबे भरतात. निरोगी माणसाचे चार लाडू-चकल्यांनी सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते येता-जाता डब्यात हात घातल्याने, कारण ते खाणे जेवणाच्या हिशेबात धरलेच जात नाही. म्हणून फराळ वर्ज्य करण्याऐवजी त्याला दिवसातली एक ठरावीक वेळ नेमून द्यावी.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी. सगळे प्रकार झालेच पाहिजेत हा हट्ट सोडून घरात खरोखर आवडीने संपणारे तीन-चारच पदार्थ करावेत. तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून केलेले अनारसे कोणी खाणारच नसेल, तर तो खटाटोप कशासाठी? चकली सोडण्यापूर्वी तेल नीट तापू द्यावे, नाहीतर ती तेल पिते. तळणीचे उरलेले तेल गाळून ठेवावे, पुन्हापुन्हा तळणाला न वापरता फोडणीसाठी एक-दोन दिवसांत संपवावे.

यानंतर वेळ ठरवावी. अभ्यंगस्नानानंतरचा फराळ हाच त्या सकाळचा नाश्ता समजावा, त्यावर पुन्हा पोहे-उपमा नको. दिवाळी पहाटेचा कार्यक्रम ऐकून मित्रांसह मिसळ खायला जाण्याचा बेत असेल (नाशिकमध्ये तो असतोच), तर फराळ चारच्या चहापर्यंत पुढे ढकलावा, कारण तर्रीवर दुसरा पाव आणि घरी परतल्यावर करंजी, हा दोन नाश्त्यांचा ऐवज होतो.

खाताना डबा समोर ठेवू नये. लहान ताटलीत हवे तेवढे काढून घ्यावे, झाकण लावून डबा जागेवर ठेवावा आणि मग बसून, मोबाइल बाजूला ठेवून सावकाश खावे. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला सुमारे २० मिनिटे लागतात. चिवड्याचे बकाणे भरणाऱ्याला ती वेळेवर होत नाही. इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. गोड टाळणारी मंडळी शेव-चिवडा निर्धास्तपणे खातात, मात्र एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून ९. शिवाय मीठ वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी विशेष लक्षात ठेवावे.

सर्वांत अवघड भाग आग्रहाचा. पाडवा-भाऊबीजेला पंचवटी, सिडको आणि नाशिकरोड अशा तीन घरी जायचे असेल, तर तीन भरलेल्या ताटल्या वाट पाहत असतात. वाढून झाल्यावर नकार दिला की यजमान दुखावतात आणि ताटात टाकणे आपल्यालाही प्रशस्त वाटत नाही; त्यामुळे ताटली भरण्याआधीच, “वहिनी, तुमच्या हातची एक करंजी नक्की घेतो, बाकीचे बांधून द्या,” असे सांगावे. यात कौतुकही होते आणि पोटही वाचते. तिन्ही ठिकाणी चहा होणार असल्याने निदान दोन ठिकाणी तो बिनसाखरेचा मागावा.

मधुमेह असलेल्यांनी फराळ खाता यावा म्हणून जेवण टाळू नये किंवा औषधाच्या मात्रेत स्वतःच्या मनाने बदल करू नये. इन्सुलिन घेऊन जेवण चुकवल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. ‘शुगर फ्री’ मिठाईतही मैदा, खवा आणि तूप असतेच.

ज्या दिवशी फराळ झाला त्या रात्री ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी किंवा मुगाची खिचडी पुरे. जेवणानंतर १५-२० मिनिटे गोदाकाठी किंवा कॉलनीतच चालावे, त्याने जेवणानंतर वाढणारी रक्तातील साखर आटोक्यात राहायला मदत होते. पाहुणे मुक्कामी असतील तर त्यांना सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला न्यावे, गप्पाही तिथेच होतात.

भाऊबीजेनंतर उरलेला फराळ संपवायचे काम घरातल्या आईवर सोडू नये. कोरडे पदार्थ हवाबंद डब्यात ठेवून एका वेळी एकच डबा काढावा, ओल्या नारळाचे आधी संपवावे, आणि तेलाचा खवट वास येऊ लागलेली शेव मात्र मन घट्ट करून टाकून द्यावी.