सहसंयुज रेणूत कुणाच्या वाट्याला किती इलेक्ट्रॉन? मांडायची सोपी रीत

सुट्या कार्बन अणूचं इलेक्ट्रॉन संरूपण (आतून बाहेर कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन) विचारा, दहावीतलं पोर झोपेतही (२, ४) म्हणेल. पण कार्बन डायऑक्साइडमधल्या कार्बनचं काय? इथे बरेच जण ‘चार देऊन टाकले, उरले दोन’ असं लिहून मोकळे होतात. सहसंयुज बंधात देऊन टाकणं नसतंच. बांधावरच्या सामाईक विहिरीसारखा हा मामला आहे. विहीर एकच, पण नोंद दोन्ही भावांच्या सातबाऱ्यावर. बंधातली इलेक्ट्रॉनांची जोडी दोन्ही अणूंच्या नावावर पूर्ण धरायची, रेणूची बेरीज करताना मात्र एकदाच मोजायची.

पेन्सिल घ्या, कार्बन डायऑक्साइडच करून बघू.

पायरी १. संयुजा कवचातले, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन मोजा. कार्बनचे ४, दोन ऑक्सिजनचे ६ आणि ६, एकूण १६. हा आकडा कोपऱ्यात लिहून त्याभोवती गोल करा. चित्रात एका इलेक्ट्रॉनचा एक ठिपका; पुढे काहीही हलवलं तरी ठिपके १६च राहायला हवेत.

पायरी २. गरज मोजा. तिघांनाही अष्टक हवं, म्हणजे बाहेरच्या कवचात प्रत्येकी ८, एकूण २४. (हायड्रोजन असता तर त्याला फक्त २.) गरज २४, हाती १६. फरक ८ म्हणजेच सामाईक इलेक्ट्रॉन. त्यांच्या जोड्या ४, म्हणून बंध ४. ही वजाबाकी मला सगळ्यात भरवशाची वाटते, तरी मुलं नेमकी तीच गाळतात आणि थेट चित्र काढायला बसतात.

पायरी ३. सांगाडा काढा. कार्बन मध्ये, दोन बाजूंना ऑक्सिजन. चार बंध दोन्हीकडे सारखे वाटले की प्रत्येक बाजूला दुहेरी बंध येतो. त्यात ८ इलेक्ट्रॉन गेले. उरलेल्या ८ च्या चार एकाकी (बंधात नसलेल्या) जोड्या, प्रत्येक ऑक्सिजनवर दोन.

पायरी ४. प्रत्येक अणूभोवती बोटाने गोल फिरवून मोजा. कार्बनभोवती चार सामाईक जोड्या, म्हणजे ८. ऑक्सिजनभोवती दोन सामाईक आणि दोन एकाकी, म्हणजे तेही ८. आतल्या कवचातले २ धरले की तिघांचंही संरूपण (२, ८), निऑनसारखं.

एका अणूचे ठिपके आणि दुसऱ्याच्या फुल्या काढायची पद्धत शिकताना बरी. पण बंध झाल्यावर कोणता इलेक्ट्रॉन कुणाचा हे ओळखता येत नाही, त्यामुळे हात बसला की फुल्या सोडून द्या. गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली ही मांडणी सुचवली तीही ठिपक्यांचीच.

अमोनिया चुटकीसरशी होतो. गरज १४, हाती ८, बंध ३, नायट्रोजनवर एक एकाकी जोडी. कार्बन मोनॉक्साइडला मात्र थांबा. ‘ऑक्सिजनची संयुजा दोन’, म्हणजे बंध दोनच, हे डोक्यात असल्याने हात आपोआप दुहेरी बंध काढतो आणि कार्बनकडे सहाच इलेक्ट्रॉन राहतात. वजाबाकी करा: १६ वजा १०, फरक ६, म्हणजे तिहेरी बंध. दोघांवर एकेक एकाकी जोडी. दोघांचंही (२, ८).

रीत फसते तीही ठिकाणं आहेत. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये ती चार बंध सांगते, पण पाठ्यपुस्तकात तीनच दिसतात. तिथे बोरॉन सहा इलेक्ट्रॉनांवर भागवतो, संरूपण (२, ६). नायट्रिक ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन ११, विषम, म्हणजे दोघांचं अष्टक पूर्ण होणं शक्यच नाही. पण वजाबाकी करून बघाच: १६ वजा ११, फरक ५, बंध अडीच! चूक वाटते ना? पण नायट्रोजन रेणूतला तिहेरी बंध ११० पिकोमीटर लांब, ऑक्सिजन रेणूतला दुहेरी १२१, आणि नायट्रिक ऑक्साइडमधला ११५, म्हणजे तिहेरी आणि दुहेरीच्या मधोमध, अडीचला साजेसा.