वरणाचे पाणी नको, घट्ट खिमट हवे: सहा महिन्यांनंतरचा बाळाचा आहार

सहावा महिना लागला म्हणजे नव्हे, सहा महिने पुरे झाले, साधारण १८० दिवस, की वरचे अन्न सुरू करायचे. तोपर्यंत फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. बाळ आधाराने बसू लागलेले असावे, मान सावरलेली असावी आणि चमचा ओठांना लावल्यावर त्याने जिभेने तो बाहेर ढकलू नये.

घरोघरी चूक होते ती पुढच्या पायरीवर. “पचायला हलके” म्हणून वरणावरचे निवळ पाणी, भाताची पेज, भाज्यांचे गाळलेले सूप पाजले जाते. बाळाचे पोट जेमतेम वाटीभर. १०० मिली आईच्या दुधात सुमारे ६५ कॅलरी असतात आणि वरणाचे पाणी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणजे पोट भरते, दूध कमी प्यायले जाते आणि वजन जागचे हलत नाही. डाळ भांड्याच्या तळाशी राहते, ती मोठी माणसे खातात!

घट्टपणाची परीक्षा सोपी आहे. चमचा तिरपा केल्यावर खिमट ओघळून पडता कामा नये, हळूहळू घसरले पाहिजे.

एका वेळच्या खिमटासाठी ४ चहाचे चमचे तांदूळ आणि २ चमचे मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. भिजवलेले पाणी टाकून १ वाटी (सुमारे १५० मिली) ताजे पाणी, चिमूटभर हळद आणि असल्यास लाल भोपळ्याची किंवा गाजराची एक फोड घाला. कुकरमध्ये झाकण ठेवलेल्या भांड्यात ४-५ शिट्ट्या होऊ द्या. गुरगुट्या झाला की चमच्याच्या पाठीने घोटा आणि वरून १ चमचा साजूक तूप घाला. एवढ्या तुपानेच जवळपास ४० कॅलरी वाढतात. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ घालायचे नाही. मधाचे बोटही नको, कारण मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा) होऊ शकतो. उष्टावणाला मामाने भरवलेल्या चमचाभर खिरीवरून मात्र घरात वाद घालू नका.

पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा २-३ चमचे पुरेत. आठव्या महिन्याअखेरपर्यंत २५० मिलीच्या कपाने अर्धा कप, दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धा ते पाऊण कप, तीन-चार वेळा, शिवाय एखादे केळे किंवा उकडलेले रताळे. वर्षानंतर पाऊण ते एक कप. आईचे दूध दोन वर्षे किंवा त्यापुढेही चालू ठेवा. मिक्सरला मात्र लवकर रजा द्या. आठ-नऊ महिन्यांपर्यंत अन्नात मऊ गुठळ्या यायला हव्यात. सगळे गुळगुळीत वाटून देत राहिले तर मूल चावायला शिकत नाही आणि दीड वर्षाचे झाल्यावर पोळीचा तुकडा तोंडातून काढून टाकते.

नाचणीबद्दल थोडे सविस्तर. नाचणी रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात २४ तास बांधून मोड आणा, वाळवा, दळा आणि साध्या चाळणीने चाळा. भिजवून, वाटून, दूध काढून केलेले पांढरेशुभ्र सत्त्व दिसते छान, पण त्यात उरतो तो मुख्यतः स्टार्च. मोडांमुळे स्टार्च तोडणारे विकर (एन्झाइम) तयार होते, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ मावते आणि लापशी तरीही गिळता येते. खरपूस भाजलेत तर ते विकर मरते. लापशी फार घट्ट झाली तर पाणी ओतू नका, अर्धा चमचा न भाजलेले मोडाचे पीठ ढवळून पुन्हा उकळी आणा. नाचणी कॅल्शियमची आहे, लोहासाठी तिच्या भरवशावर राहू नका.

लोहासाठी पूर्ण शिजलेले अंडे, चालत असेल तर कलेजी किंवा खिमा. शाकाहारी घरात डाळ आणि पालेभाजीवर लिंबाचे चार थेंब, त्याने लोह जास्त शोषले जाते. चहा बाळाला अजिबात नको. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सरकारी कार्यक्रमात आशाताईंकडून मिळणारे लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचे असते. शी काळी होते, घाबरू नका.

अंडे किंवा शेंगदाण्याचे बारीक कूट मुद्दाम लांबणीवर टाकू नका. नवा पदार्थ एकेकटा, सकाळी द्या आणि दोन-तीन दिवस पुरळ, उलटी, सूज यांवर लक्ष ठेवा. अख्खा शेंगदाणा, फुटाणे, आख्खे द्राक्ष पाच वर्षांपर्यंत नको. उबळ येऊन बाळ आवाज करत, लाल होत असेल तर ते स्वतःच घास बाहेर काढते. आवाज बंद झाला, ओठ निळे पडले तर वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे, डोके खाली धरून खांद्यांमध्ये ५ थापा द्या, मग उताणे करून छातीच्या मधोमध हाडावर ५ वेळा दाबा. हे आलटून पालटून करत राहा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका.

भरवताना मोबाइल बंद. एक चमचा तुमच्या हातात, एक बाळाच्या. सांडेल, पसरेल, खाली जुने वर्तमानपत्र अंथरा. तोंड फिरवले की थांबा, २०-३० मिनिटांपलीकडे ताणू नका. नाकारलेली भाजी दहा-बारा वेळा तरी पुन्हा पुढे यावी लागते. वजन दर महिन्याला अंगणवाडीत करून आलेखावर टिंब मांडून घ्या. रेघ लागोपाठ दोन महिने सपाट राहिली तर आधी खिमटाचा घट्टपणा तपासा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.