घरच्या माणसाचं खोटं सापडलं तर काय करायचं

आधी लगेच भांडायला उठू नका. खोटं कशापायी बोललं ते बघा, कारण जवळच्या माणसाशी आपण बऱ्याचदा भीतीनं खोटं बोलतो, समोरचा चिडेल, रडेल, त्याच्या नजरेतनं उतरू म्हणून. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बेला डीपॉलो यांच्या टीमनं लोकांना रोजच्या खोट्याची डायरी लिहायला लावली होती (1996 चा अभ्यास), त्याच डायऱ्यांवरनं 1998 मध्ये बघितलं तर जवळच्यांशी खोटं त्यामानानं कमी निघालं आणि त्यात मन राखायसाठीचं बरंच. "भाजी मस्त झालीया" तसलं सोडून द्या.

पैशाचं मात्र सोडू नका. आमच्या निपाणी-चिकोडीकडं समजा नवऱ्यानं सोसायटीचं कर्ज लपवलंय, ऊसबिल जमा झालं तरी नाही म्हणतोय, तर सासूसमोर पोरांसमोर विचारूच नका, तिथं माणूस अब्रू वाचवायला दुसरं खोटं बोलणारच. दोघंच असताना "का लपवूलाय" नको, "किती हाय ते सांगा, मिळून फेडूया" म्हणा, आणि आकडा ऐकून खरंच ओरडू नका हां, नाहीतर पुढच्या वेळी परत लपवणार. मग पासबुक दोघांनी मिळून बघायचं.

पण वारंवार तेच आणि वर तुम्हालाच वेडं ठरवत असेल तर ही भीती नव्हे, माहेरच्या विश्वासातल्या माणसाला लगेच सांगा.