क्रूझवरच्या फॉर्मल नाइटला जावं का टाळावं

आमच्या लातूरच्या दोन-तीन फॅमिली सिंगापूरहून क्रूझला निघाल्यात आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, फॉर्मल नाइटला, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्री, सूट शिवावा का. आधी बुकिंगचे कागद बघा, साधारण 7 रात्रीच्या ट्रिपला 2 फॉर्मल नाइट असतात, छोट्या ट्रिपला बहुतेक एकच, आणि ती शक्यतो जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवशी ठेवतात. ड्रेस कोड मुख्यतः मोठ्या डायनिंग रूमपुरता असतो, वर बुफेला साध्या कपड्यात निवांत जेवा, कोणी उठवत नाही. क्युनार्डसारख्या जुन्या वळणाच्या कंपन्या मात्र संध्याकाळी 6 नंतर जास्त कडक असतात, तिथं नियम नीट वाचूनच घ्या.

त्या रात्री बऱ्याच जहाजांवर लॉबस्टर वगैरे असतं, आपण पडलो माळकरी, मग त्याचं काय अप्रूप! जायचंच असेल तर कपाटातली पैठणी अन् लग्नातला बंदगळा काढा की, पारंपरिक पोशाख बहुतेक कंपन्यांना चालतो, तरी एक मेल टाकून विचारा. पैठणी मलमलच्या कापडात गुंडाळून बॅगेत सगळ्यात वर ठेवा कारण केबिनमध्ये इस्त्री न्यायला बंदी असते, शर्टाच्या सुरकुत्या जातात बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत टांगला की. फोटोवाले येतील, काढू द्या, प्रिंटचे पैसे वेगळे लागतात, घ्यायची सक्ती नाही. लेकरं लहान असतील तर सरळ टाळा, दोन तास खुर्चीवर कोण बसतंय.