न्यूटमध्ये नर-मादी कसे ओळखायचे आणि जोडी कधी लावायची (लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी)

आपल्याकडून झूऑलॉजी करून रीजनरेशनच्या (तुटलेला अवयव परत कसा उगवतो ते अभ्यासणाऱ्या) लॅबमध्ये येणाऱ्या बऱ्याच जणांनी जिवंत न्यूट (सरड्यासारखा दिसणारा शेपटीवाला उभयचर) पाहिलेलाच नसतो, महाराष्ट्रात तो नाहीच, भारतात बघायचा तर दार्जिलिंगकडे किंवा ईशान्य भारतात जावं लागतं. आणि इथे आल्या आल्या हातात काम येतं ते कॉलनी सांभाळायचं. मी युरोपातल्या एका लॅबमध्ये प्लुरोडेलिस वॉल्टल सांभाळते, म्हणजे स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्कोमधला न्यूट, त्यामुळे हे सगळं त्याच्याबद्दल आहे, दुसऱ्या जातीला जसंच्या तसं लावू नका.

पोट मोठं दिसलं की मादी असं प्लीज धरून चालू नका, भरपूर खाल्लेला नरही गोल होतो. शेपटी नराची लांब असते हे खरं, पण आपल्या लॅबमध्ये निम्म्या शेपट्या कापून परत उगवलेल्या, त्यावर काय भरवसा ठेवणार! मी आधी पुढचे हात बघते. पारदर्शक डब्यात थोडं पाणी घेऊन न्यूट त्यात सोडायचा आणि डबा उचलून खालून बघायचं, त्याला दाबावं लागत नाही आणि हात, क्लोएका (शेपटीच्या मुळाशी असलेलं, मलमूत्र आणि प्रजननाचं एकच द्वार) दोन्ही नीट दिसतं. वयात आलेल्या नराचे हात जाडसर असतात, क्लोएका फुगलेला, आणि तो तयार असेल तर हाताच्या आतल्या बाजूला काळपट खरखरीत पट्टा येतो. मादीच्या खाली शिरून, तिचे हात आपल्या हातांनी अडकवून तो तिला पाठीवर घेऊन तासन् तास फिरतो, त्या पकडीसाठीच तो पट्टा. पट्टा फिका पडला असेल तर नर आहे पण सध्या तयार नाही असं समजा.

मादी तयार आहे का हे ठरवणं अवघड आहे. तयार मादी वरून बघितली तर दोन्ही कुशी भरलेल्या दिसतात, पण खात्री जोडी लावल्यावरच होते. त्यांच्या मूळ भागात पावसाने तळी भरली की प्रजनन सुरू होतं, म्हणून जोडी लावताना ताजं, जरा गार पाणी द्या, बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

पिल्लांमध्ये बाहेरून काहीच कळत नाही, तिथे पीसीआर (डीएनएची चाचणी). यांच्यात लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांची जोडी मादीत झेडडब्ल्यू आणि नरात झेडझेड, पण पिल्लं अळीच्या अवस्थेत 32 अंश सेल्सिअसला वाढवली तर झेडडब्ल्यूसुद्धा नर होतात, त्यामुळे दिसायला नर म्हणजे जनुकांनीही नर असं नसतं, ब्रीडिंगच्या नोंदीत दोन्ही लिहा.

अजून एक, मादी शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते. 1996 मध्ये मीर या रशियन अंतराळ स्थानकावर नेलेल्या मादीने तिथे अंडी दिली ती पृथ्वीवरच घेतलेल्या शुक्राणूंच्या जोरावर. म्हणून नवा नर लावलात तरी पिल्लं त्याचीच असं गृहीत धरू नका, आधीचा नर कोण होता ते बघा.

अंडी झाडांना, काचेला चिकटलेली दिसली की मोठ्यांना लगेच दुसऱ्या टँकमध्ये हलवा, नाहीतर तेच ती खाऊन टाकतात.